कथासम्राट सर वॉल्टर स्कॉट : एका लंगड्या मुलाचे चरित्र

थोर पुरुषांची चरित्रे आपण वाचतो ती बहुधा त्यांच्या कीर्तीकडून वाचतो. अमुक ग्रंथ लिहिले, अमुक पदव्या मिळविल्या, अमुक साली देह ठेवला, हे वाचून आपण मान डोलावतो व पुस्तक मिटतो. त्या थोर पुरुषाचे बालपण कोणाच्या मांडीवर गेले, त्याच्या आजारात कोणी रात्री जागून काढल्या, त्याच्या हट्टापुढे कोण नमले व कोण नमले नाही, हा भाग चरित्रकार बहुधा चार ओळींत उरकून टाकतो. वास्तविक तुम्हां-आम्हां संसारी माणसांस उपयोगी पडेल असे जे काही असते ते त्या चार ओळींतच असते. आपल्यापैकी कोणी कथासम्राट होईल न होईल. परंतु आई, बाप, आजी, आत्या ही नाती प्रत्येक घरी आहेत. आणि ज्या घरी एखादे मूल जिवावरच्या दुखण्यातून उठले, पण हाताने वा पायाने अधू होऊन उठले, त्या घरास तर ह्या नात्यांची खरी किंमत कळलेली असते.

म्हणूनच ह्या अंकासाठी इंग्रजी कादंबरीचे एक आद्य महापुरुष सर वॉल्टर स्कॉट ह्यांचे चरित्र निवडले आहे. त्यांची 'आयव्हॅन्हो' ही कादंबरी एके काळी आपल्याकडील शिकलेल्या मंडळींस घरच्यासारखी परिचित होती. परंतु तिच्या कर्त्याचा उजवा पाय वयाच्या दीड वर्षापासून निकामी झाला होता व जन्मभर ते लंगडतच चालले, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. स्कॉट ह्यांनी १८०८ मध्ये आपल्या बालपणाच्या आठवणी स्वतः लिहून ठेवल्या. त्यांचे जावई व चरित्रकार लॉकहार्ट ह्यांनी त्या पुढे प्रसिद्ध केल्या. पुढील हकीकतीचा बराचसा भाग त्या आठवणींवरून घेतलेला आहे.

जन्म आणि आजार

वॉल्टर स्कॉट ह्यांचा जन्म १५ ऑगस्ट १७७१ रोजी स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो येथे झाला. वडिलांचे नावही वॉल्टरच. ते वकिली करीत. स्वभावाने करडे, धर्मनिष्ठ व कामात चोख. आई ॲन रदरफर्ड ही एडिंबरो विद्यापीठातील वैद्यकाचे प्राध्यापक डॉ. जॉन रदरफर्ड ह्यांची कन्या. घर खाऊनपिऊन सुखी होते, पण ज्या गल्लीत ते होते ती गल्ली अरुंद, ओलसर व कोंदट होती. ह्या दांपत्यास एकंदर बारा अपत्ये झाली. त्यांपैकी पहिली सहा लहानपणीच गेली. पाळण्यामागून पाळणा रिकामा होणे म्हणजे काय, हे त्या माउलीस पुरतेपणी कळले होते. पुढच्या सहांपैकी एक हा वॉल्टर.

त्याच्यावरील पहिले संकट दाईच्या रूपाने आले. त्याला पाजण्यासाठी ठेवलेल्या बाईस क्षयाची भावना होती व तिने ती लपवून ठेवली होती. एका नामांकित डॉक्टरकडे ती गुपचूप औषधास गेली तेव्हा त्या डॉक्टरने मुलाच्या वडिलांस सावध केले. ती बाई गेली, दुसरी धट्टीकट्टी शेतकरीण आली व मूल वाचले.

दीड वर्षाचा होईपर्यंत वॉल्टर चांगला सुदृढ होता. एके रात्री तो झोपेचे नाव घेईना. खोलीभर पळापळ करून त्याने सर्वांस दमविले व मोठ्या प्रयासाने त्याला पकडून निजविण्यात आले. त्यानंतर तो तसा पळताना पुन्हा दिसला नाही. सकाळी अंगात ताप होता. दात येताना मुलांस ताप येतो, तसलाच हा असावा असे घरच्यांस वाटले. तीन दिवस ताप राहिला. चौथ्या दिवशी त्याला न्हाऊ घालताना ध्यानात आले, की उजव्या पायात जोर उरलेला नाही. पाय मोडला नव्हता, मुरगळला नव्हता, सुजलेला नव्हता. नुसता लुळा पडला होता.

हा कोणता रोग, हे त्या काळी कोणास सांगता येणे शक्य नव्हते. मुलांच्या पायांतील शक्ती अशी जाते, ह्याचे वर्णन मायकेल अंडरवुड ह्या इंग्रज वैद्याने १७८९ मध्ये केले. जर्मनीतील याकोब हाइने ह्याने १८४० मध्ये त्या रोगाचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला, आणि तो एका विषाणूमुळे होतो हे १९०८ मध्ये लँडस्टाइनर व पॉपर ह्यांनी दाखवून दिले. आज आपण त्यास पोलिओ म्हणतो, आणि लहानग्या वॉल्टरला झालेला आजार पोलिओच होता असे वैद्यकाच्या जाणकारांचे मत आहे. त्या वेळी मात्र डॉक्टर आले, पायावर फोड उठविण्याचे जालीम लेप झाले, अनेक उपाय झाले. गुण आला नाही. आईबापांची काय अवस्था झाली असेल हे सांगावयास नको. सहा गेली होती, आणि हे हाताशी लागले तर पायाने गेले.

आजोळ नव्हे, आजोबांचे शेत

ह्या वेळी आईचे वडील डॉ. रदरफर्ड ह्यांनी एक शहाणपणाचा सल्ला दिला. औषधे पुरे झाली. मुलास शहराच्या कोंदट हवेतून काढा व उघड्या रानात सोडा, असे त्यांचे म्हणणे पडले. त्याप्रमाणे वॉल्टरची रवानगी वडिलांचे वडील रॉबर्ट स्कॉट ह्यांच्या सँडी-नो येथील शेतावर झाली. स्कॉटलंड व इंग्लंड ह्यांच्या सीमेजवळचा हा मुलूख. शेताच्या वर खडकाळ टेकडी व तिच्यावर स्मेलहोमचा जुना, पडका बुरूज. शेकडो वर्षे त्या सीमेवर लढाया, गुरांची पळवापळवी व सूड चाललेले. त्यामुळे प्रत्येक ओढ्यास व प्रत्येक खिंडीस काही ना काही गोष्ट चिकटलेली.

बरोबर मुलास सांभाळण्यासाठी शहरातून एक मोलकरीण धाडली होती. तिचे चित्त शहरात गुंतलेले होते. हे लंगडे पोर नसते तर आपणांस ह्या रानात राहावे लागले नसते, ह्या विचाराने ती इतकी भ्रमिष्ट झाली, की टेकडीवर नेऊन कात्रीने ह्याचा गळा कापावा व तेथेच पुरून टाकावे असे तिच्या मनात आले. तिने स्वतःच ही गोष्ट घरच्या कारभारणीजवळ कबूल केली. तिला ताबडतोब घालविण्यात आले. अधू मूल परक्याच्या हाती सोपविताना किती सावध राहावे लागते, ह्याचे ह्याहून ठळक उदाहरण क्वचितच मिळेल.

आजोबांच्या घरी उपचार चालू राहिले ते गावठी. कोणी सांगितले, की मेंढरू कापल्यावर त्याचे ताजे, उबदार कातडे मुलाच्या अंगाभोवती गुंडाळावे. तेही झाले. स्कॉट ह्यांची सर्वांत पहिली आठवण हीच होती : बैठकीच्या खोलीत जमिनीवर आपण त्या कातड्यात गुंडाळलेले पडलो आहोत; पांढऱ्या केसांचे आजोबा आपणांस रांगावयास लावण्यासाठी नाना युक्त्या करीत आहेत; आणि त्यांचे एक नातलग, जुन्या थाटाचे वृद्ध लष्करी गृहस्थ, गुडघ्यांवर बसून आपले घड्याळ गालिच्यावरून ओढीत पुढे नेत आहेत, की त्याच्या लोभाने तरी पोराने पुढे सरकावे. कातड्याच्या उपायात वैद्यक काहीच नव्हते. परंतु दोन प्रतिष्ठित म्हातारी माणसे आपला मोठेपणा बाजूस ठेवून एका पांगळ्या पोरासाठी जमिनीवर रांगतात, ह्यात जे काही होते ते कोणत्याही औषधात नव्हते.

हवा बरी असली म्हणजे त्याला उचलून मेंढपाळाबरोबर टेकडीवर धाडीत. तो वृद्ध मेंढपाळ त्याला खांद्यावरून नेई व मेंढरांच्या घोळक्यात गवतावर सोडून देई. मूल तेथे तासन् तास लोळे. मेंढरू अन् मेंढरू त्याच्या ओळखीचे झाले. एकदा तो टेकडीवर आहे हे विसरून सर्वजण घरी आले, आणि वादळ उठले. आत्या धावत वर गेली, तो हे पोर गवतावर उताणे पडून प्रत्येक विजेच्या लखलखाटास टाळ्या पिटीत होते. त्या उघड्या रानात, पुढे जे हवे ते दिसत आहे व त्याच्यापर्यंत उचलून नेणारे कोणी जवळ नाही, अशा स्थितीत मूल स्वस्थ पडून राहणे शक्य नव्हते. ते प्रथम सरकू लागले, मग उभे राहू लागले, मग चालू लागले, आणि शेवटी पळूही लागले. पाय आखडलेला, वाळलेला व आखूड तसाच राहिला. परंतु बाकीचे शरीर निरोगी व बळकट झाले. आपण शहरातच राहिलो असतो तर जन्माचे दुबळे झालो असतो, असे स्कॉट ह्यांनी पुढे कृतज्ञतेने लिहून ठेवले आहे.

आत्याचे ऋण

शरीर टेकडीने घडविले, तर मन घडविले ते जेनेट आत्याने व आजीने. ही आत्या अविवाहित होती व भावाच्या ह्या मुलास तिने आपलेच मानले. हिवाळ्याच्या लांबच लांब रात्री आजी शेकोटीपाशी बसून सीमेवरच्या जुन्या लढवय्यांच्या गोष्टी सांगे. आत्या जुने पोवाडे वाचून दाखवी, पुनःपुन्हा दाखवी. वाचता येण्यापूर्वीच वॉल्टरला मोठमोठे पोवाडे मुखोद्गत झाले, आणि ते तो इतक्या मोठ्याने म्हणे, की भेटीस आलेल्या पाद्रीबोवांस बोलणे अशक्य होई व ते वैतागत. पण त्या पोरास कोणी गप्प बसविले नाही.

चौथ्या वर्षी आत्या त्याला घेऊन इंग्लंडमधील बाथ ह्या उष्णोदकाच्या झऱ्यांच्या गावी गेली. प्रवास समुद्रमार्गे लंडनपर्यंत व तेथून पुढे. तेथे सुमारे वर्षभर राहून तिने त्याला त्या पाण्याने स्नाने घातली. पायास गुण आला नाही. पण तेथेच तो वाचावयास शिकला, व काकांनी त्याला आयुष्यातील पहिले नाटक दाखविले. पुढे सातव्या-आठव्या वर्षी समुद्रस्नानाचा उपाय म्हणून प्रेस्टनपॅन्स येथेही त्याला नेण्यात आले. मधल्या काळात शेटलंड जातीचे एक ठेंगणे तट्टू त्याला मिळाले, व जे दोन पायांनी साधले नाही ते त्याने चार पायांनी साधून घेतले. घोड्यावर बसल्यावर लंगडा कोण व धडका कोण, हे पाहणाऱ्यास सांगता येत नसे.

आज हिशेब मांडून पाहिले तर ह्या सर्व खटाटोपात पायाचा असा फायदा जवळजवळ शून्य झाला. घरच्यांनी हार मात्र मानली नाही, आणि महत्त्वाची गोष्ट ही, की पाय बरा होईपर्यंत त्याचे शिक्षण, खेळ व हौस कोणी थांबवून ठेविली नाही. अधू मुलाच्या घरी पुष्कळदा हीच चूक होते. आधी बरे होऊ दे, मग शाळा पाहू, असे म्हणता म्हणता मुलाचे बालपण निघून जाते.

घर, शाळा आणि मारामाऱ्या

आजीच्या घरी वॉल्टर एकुलता एक लाडका होता. आईबापांच्या घरी परतल्यावर तो अनेक भावंडांतला एक झाला, आणि हा फरक त्याला जड गेला. भाऊ चिडवीत, मारीत. घरात वडिलांची शिस्त कडक. पण आईने त्याचा कल ओळखला. ती त्याच्याकडून होमरच्या काव्याचे इंग्रजी भाषांतर मोठ्याने वाचवून घेई व थांबून चर्चा करी. त्याने नुसत्या लढायांत रमू नये, करुण व उदात्त भागही ओळखावे, इकडे तिचे लक्ष असे.

१७७९ मध्ये तो एडिंबरोच्या हायस्कुलात दाखल झाला. लंगड्या मुलास शाळेत काय सोसावे लागते ते कोणत्याही देशात सारखेच. वॉल्टरने त्यावर आपला तोडगा काढला. किल्ल्याच्या खडकावरील नऊ दगडांची एक अवघड चढण होती. ती चढणारा तोच शूर, असा मुलांत संकेत. ती चढण तो आपल्या बळकट हातांच्या जोरावर चढला. मारामारीचा प्रसंग आला तर प्रतिपक्ष्याने आपल्यासमोर फळीवर बसून लढावे अशी अट तो घाली, आणि अशा सामन्यात तो कमी पडत नसे. हिवाळ्यात मैदानावर खेळता येत नसे तेव्हा मात्र त्याचे राज्य असे. शेकोटीभोवती मुले जमत व वॉल्टरच्या गोष्टी चालत. सँडी-नोच्या शेकोटीपाशी जे साठविले होते ते आता तो वाटू लागला होता.

पुढे काही महिने तो केल्सो ह्या गावी पुन्हा जेनेट आत्याजवळ होता. तेथील बागेत एका मोठ्या झाडाखाली बसून जुन्या इंग्रजी पोवाड्यांचा बिशप पर्सी ह्यांनी केलेला संग्रह तो वाचीत राहिला, आणि तेराव्या वर्षाची ती सणसणीत भूक असूनही जेवणाची वेळ टळून गेल्याचे त्याला कळले नाही. त्याच दिवशी त्याच्या पुढील आयुष्याची दिशा ठरली असे म्हणावयास हरकत नाही.

सोळा वर्षांच्या सुमारास दुसरा मोठा आजार आला. आतड्यातील एक रक्तवाहिनी फुटली. कित्येक आठवडे अंथरुणास खिळून, अगदी थोडे खाऊन व बोलण्याची मनाई सोसून पडून राहावे लागले. त्या दिवसांत त्याने पुस्तकांचा फडशा पाडला, शिंपल्या व खडे मांडून इतिहासातील लढाया लढविल्या, आणि खोलीत आरसे अशा बेताने लावून घेतले, की बाहेर मैदानावर कवायतीस जाणारे सैनिक बिछान्यावरून दिसावेत. ज्याला जगाकडे जाता येत नाही त्याने जग आपल्याकडे कसे आणावे, हे तो एव्हाना चांगले शिकला होता. ह्याच सुमारास एका विद्वानाच्या घरी महाकवी रॉबर्ट बर्न्स ह्यांची त्याला भेट झाली. भिंतीवरील चित्राखालच्या ओळी कोणाच्या, असे बर्न्स ह्यांनी विचारले, तेव्हा त्या विद्वानांच्या मेळाव्यात उत्तर फक्त ह्या पोरसवद्या मुलास ठाऊक होते.

चालणारा वकील

वडिलांच्या कचेरीत उमेदवारी करून स्कॉट १७९२ मध्ये वकील झाले. ह्या वेळेपर्यंत ते उंच, रुंद छातीचे, दणकट पुरुष झाले होते. हातात काठी घेऊन ते दिवसाकाठी वीस-तीस मैल सहज चालत. पडका किल्ला, जुने रणक्षेत्र, एखादी म्हातारी गाणारी बाई ह्यांच्या शोधात ते दिवसचे दिवस बाहेर राहत, आणि वडील त्यांस, तू फेरीवालाच व्हावयास जन्मलास, अशा अर्थाचे टोमणे मारीत. १७९२ पासून सात वर्षे दरसाल ते एका मित्रासह लिडझडेल ह्या दुर्गम खोऱ्यात जात, शेतकऱ्यांच्या घरी उतरत व त्यांच्या तोंडचे पोवाडे टिपून घेत. हाच संग्रह पुढे १८०२-०३ मध्ये तीन भागांत प्रसिद्ध झाला.

फ्रान्सच्या स्वारीची भीती उत्पन्न झाली तेव्हा तरुण मंडळी पलटणीत शिरू लागली. पायदळात लंगड्यास जागा नव्हती. स्कॉट ह्यांनी मित्रांस मिळवून १७९७ मध्ये स्वयंसेवक घोडदळच उभारावयास लाविले व त्यात ते क्वार्टरमास्टर झाले. त्याच वर्षाअखेर शार्लट कार्पेंटर ह्या युवतीशी त्यांचा विवाह झाला. १७९९ मध्ये सेल्कर्क परगण्याचे शेरिफ व १८०६ मध्ये वरिष्ठ न्यायालयाचे एक क्लार्क अशा नेमणुका त्यांस मिळाल्या.

त्यांची साहित्यातील कीर्ती सर्वश्रुत असल्याने येथे थोडक्यात सांगतो. १८०५, १८०८ व १८१० ह्या वर्षी त्यांची तीन दीर्घ कथाकाव्ये निघाली व हातोहात खपली. त्यांपैकी तिसऱ्यात वर्णिलेले सरोवर पाहण्यास प्रवाशांची रीघ लागली. मग १८१४ मध्ये 'वेव्हर्ली' ही कादंबरी निनावी प्रसिद्ध झाली. 'रॉब रॉय', 'द हार्ट ऑफ मिडलोदियन', 'आयव्हॅन्हो' ह्या कादंबऱ्या एकामागून एक बाहेर पडल्या, आणि इतिहासाच्या पार्श्वभूमीवर सामान्य माणसांचे सुखदुःख रंगविण्याचा मार्ग सर्व युरोपास त्यांनी दाखविला. त्याचे पडसाद आपल्याही भाषेत उमटले; हरिभाऊ आपटे ह्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांची चर्चा करताना टीकाकार स्कॉटचे नाव घेतात ते उगाच नव्हे. १८२० मध्ये त्यांस सरदारकी मिळाली. ट्वीड नदीकाठी एक साधे शेत विकत घेऊन त्यांनी ॲबट्सफर्ड ह्या नावाचा वाडा बांधला व हजारो झाडे लाविली.

दोन लंगडे कवी

ह्या ठिकाणी एक तुलना मनात येते. स्कॉट ह्यांचे समकालीन महाकवी लॉर्ड बायरन हेही पायाने अधू होते; त्यांच्या पायात जन्मतःच व्यंग होते. १८१५ मध्ये लंडन येथे एका प्रकाशकाच्या घरी ह्या दोघांची भेट झाली व त्यांचा चांगला स्नेह जमला. परंतु दोघांची मने भिन्न. बायरन ह्यांस आपले व्यंग जन्मभर सलत राहिले. कोणी पायाकडे पाहिले तरी त्यांस तो अपमान वाटे. त्यांचे बालपण बापावाचून व संतापी आईच्या हाताखाली गेले होते. स्कॉट आपल्या लंगडेपणाविषयी मोकळेपणी बोलत व लिहीत. दोघांच्या प्रकृतीत मूळचाच फरक असेल. तथापि एकाच्या लहानपणी जमिनीवर रांगणारे आजोबा होते व दुसऱ्याच्या नव्हते, ही गोष्ट दृष्टीआड करता येत नाही.

स्कॉट ह्यांस काहीच सलत नव्हते, असे मात्र कोणी समजू नये. १८१६ मध्ये त्यांनी 'द ब्लॅक ड्वार्फ' ही छोटी कादंबरी लिहिली. तिचा नायक एक कुरूप, खुजा एकांतवासी असून लोक त्याला दुष्ट व चेटक्या समजतात. वास्तविक तो गुप्तपणे सर्वांचे कल्याण करीत असतो. डेव्हिड रिची नावाच्या अशाच एका खऱ्या माणसास स्कॉट १७९७ मध्ये भेटले होते, त्याच्यावरून हे पात्र घेतले आहे. शरीराच्या व्यंगावरून मनाची परीक्षा करणाऱ्या जगाविषयीची जी चीड तेथे व्यक्त झाली आहे, ती नुसती ऐकीव वाटत नाही.

ऋण

१८२६ च्या जानेवारीत त्यांच्यावर आकाश कोसळले. त्यांचे प्रकाशक व ज्या छापखान्यात त्यांची भागी होती तो छापखाना, दोन्ही बुडाले. स्कॉट ह्यांच्या डोक्यावर सुमारे १ लाख २० हजार पौंडांचे कर्ज आले. वय चोपन्न. दिवाळे काढून मोकळे होण्याचा मार्ग कायद्याने खुला होता. मित्र पैसा देऊ करीत होते. त्यांनी दोन्ही नाकारले. आपली सारी मिळकत व यापुढे लेखणीतून निघणारी सारी प्राप्ती त्यांनी सावकारांच्या विश्वस्तांच्या हवाली केली व फक्त मुदत मागितली. चार महिन्यांतच पत्नी वारली. तरीही लेखन थांबले नाही. नऊ खंडांचे नेपोलियन-चरित्र त्यांनी ह्याच हालअपेष्टांत १८२७ मध्ये पुरे केले. दोन वर्षांत सुमारे चाळीस हजार पौंड फिटले. १८३० च्या अखेरीस सावकारांनीच कृतज्ञतेने त्यांचा ग्रंथसंग्रह व घरातील सामान त्यांस परत भेट दिले. ज्यांच्या घरी व्यापार आहे, सही-शिक्क्याची व शब्दाची किंमत ज्यांस ठाऊक आहे, त्यांस ह्या वागणुकीचे मोल अधिक सांगावयास नको.

आजोबा आणि नातू

ह्या धडपडीच्या वर्षांतील एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगण्यासारखी आहे. त्यांच्या मुलीचा मुलगा जॉन ह्यू लॉकहार्ट हा जन्मापासून नाजूक होता. त्याला कण्याचा विकार होता. साठीकडे झुकलेले, कर्जाने वाकलेले आजोबा ह्या नातवास बरोबर घेऊन रानातून फिरत व स्कॉटलंडच्या इतिहासातील गोष्टी सांगत. मुलाला काय समजते व काय आवडते हे त्यांनी बारकाईने पाहिले. बोबडे बोलून लिहिलेली पुस्तके मुलांस आवडत नाहीत, त्यांस जरा वरच्या पायरीवरचे दिले तरच ती झेप घेतात, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यातून 'टेल्स ऑफ अ ग्रँडफादर' म्हणजे आजोबांच्या गोष्टी, हा ग्रंथ १८२७ च्या अखेरीस निघाला व तो त्या मुलाच्याच लाडक्या नावाने त्याला अर्पण केला. पन्नास वर्षांपूर्वी सँडी-नोच्या शेकोटीपाशी एका पांगळ्या मुलास जे मिळाले होते, ते त्याने आजोबा होऊन दुसऱ्या आजारी मुलाच्या ओंजळीत घातले. हा नातू १८३१ च्या डिसेंबरात, अकरावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच, वारला. आजोबा त्या वेळी प्रकृतीसाठी परदेशी गेलेले होते.

१८३० पासून स्कॉट ह्यांस अर्धांगवायूचे झटके येऊ लागले होते. तरुणपणी हातांच्या व छातीच्या बळाने झाकलेला पाय म्हातारपणी पुन्हा वर आला. चालणे कठीण झाले, व एडिंबरोच्या एका कारागिराकडून पायास आधार देणारे यंत्र करवून घ्यावे लागले. लहानपणी ज्यांस पोलिओ झाला त्यांचे स्नायू उतारवयात पुन्हा दुबळे होतात, हे आजच्या वैद्यकास माहीत आहे. १८३१ च्या ऑक्टोबरात ब्रिटिश सरकारने दिलेल्या युद्धनौकेतून ते माल्टा व नेपल्सकडे गेले. गुण आला नाही. घरची ओढ लागून ते परतले व २१ सप्टेंबर १८३२ रोजी ॲबट्सफर्ड येथे, ट्वीड नदीच्या सान्निध्यात, त्यांनी देह ठेवला. ड्रायबरोच्या पडक्या मठात त्यांस चिरविश्रांती मिळाली. विम्याची रक्कम व ग्रंथांचे हक्क ह्यांतून उरलेले कर्जही पुढे पूर्णपणे फिटले. एडिंबरोच्या भर रस्त्यावर आज त्यांचे सुमारे दोनशे फूट उंचीचे स्मारक उभे आहे.

आपल्या घरांसाठी

स्कॉट ह्यांच्या पायास जो रोग झाला त्यावर १९५५ मध्ये साल्क ह्यांची लस निघाली व त्यानंतर लवकरच तोंडाने द्यावयाचे थेंब आले. आपल्या देशात १९९५ पासून पल्स पोलिओची मोहीम घरोघर पोचली. मूळ विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण भारतात जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा येथे आढळला, आणि मार्च २०१४ मध्ये आपला देश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. मागील पिढीत आपल्या प्रत्येक गावी काठी टेकीत चालणारी माणसे होती. ह्या पिढीत ती नवी होत नाहीत, ही लहानसहान गोष्ट नव्हे. परंतु जगातून तो विषाणू अजून पुरता गेलेला नाही, म्हणून तान्ह्या मुलांचे डोस चुकवू नयेत, हे प्रत्येक आईस सांगितले पाहिजे.

रोग गेला तरी अधू मुले जन्मास येणारच. कोणी अपघाताने, कोणी दुसऱ्या आजाराने. अशी मुले आपल्या ज्ञातीतही आहेत. संमेलनास, लग्नकार्यास, बक्षीससमारंभास त्यांपैकी किती जण येतात, ह्याचा प्रत्येक कुटुंबाने विचार करावा. पाहुणे येताच मुलास आतल्या खोलीत नेणारी घरे आहेत; भावाबहिणीची सोयरीक अडेल ह्या भीतीने त्याचे नाव न काढणारीही आहेत. ह्यात आईबापांचा दुष्टावा नसतो, लोकलाज असते. पण तिची किंमत ते मूल देते. स्कॉट ह्यांची बुद्धी सर्वांस मिळणार नाही, आणि लंगडेपणामुळे ते थोर झाले असेही नाही. त्यांस उघडी हवा मिळाली, गोष्टी मिळाल्या, शाळा मिळाली, आणि मोठ्याने पोवाडे म्हणताना गप्प न करणारे घर मिळाले. ह्यांतील एकही वस्तू विकत घ्यावी लागत नाही. यंदाच्या संमेलनास येताना प्रत्येक घराने आपले ते मूलही बरोबर आणावे व त्याला मागच्या रांगेत न बसविता आपल्या शेजारी बसवावे, एवढीच सर्व ज्ञातिबंधुभगिनींस नम्र विनंती आहे.